शिंगराचा तोल आणि स्वाराची घाई

कुंभकोणमहून चारेक किलोमीटरवर दारासुरम लागते. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात तिथे बांधलेले ऐरावतेश्वराचे मंदिर २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. या मंदिराचा पुढचा मंडप रथासारखा रचला आहे. बाजूला दगडी चाक आणि त्याच्यापुढे पुढचे पाय उचललेला दगडी घोडा. खुद्द कुंभकोणमात सारंगपाणीचा गाभाराही रथाच्याच आकाराचा आहे आणि त्यालाही घोडे-हत्ती जुंपलेले आहेत. येणारे-जाणारे चाकाजवळ उभे राहून फोटो काढतात. पण दारासुरमच्या घोड्याकडे घटकाभर निरखून पाहिले, तर त्याचा सगळा भार मागच्या पायांवर आहे हे लक्षात येते. घोड्याची ताकद कुठून निघते, ते त्या शिल्पकाराला पक्के ठाऊक होते.

याच कावेरीच्या खोऱ्यात पोंगलच्या सुमारास आणि ग्रामदेवतांच्या उत्सवांत घोडागाड्यांच्या शर्यती लागतात. इरोड जिल्ह्यात अंतियूरला आडी महिन्यात घोडेबाजार भरतो. इकडे महाराष्ट्रात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा बाजार असतो, नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा असते. या सगळ्या गर्दीत एक दृश्य हमखास दिसते. जेमतेम दोन-अडीच वर्षांचे जनावर, पाठीवर भरल्या अंगाचा माणूस, लगाम छातीपर्यंत ओढलेला, घोड्याचे तोंड उघडे आणि मान आभाळाकडे. हलगी वाजते, घोडा पाय आपटत आडवातिडवा पळतो आणि बघे म्हणतात, काय तेज आहे!

ते तेज नसते. तोल सुटलेले जनावर पडू नये म्हणून धडपडत असते.

तरण्या घोड्याला तोल आणि सरळ चाल लगाम ओढून येत नाही. मागच्या पायांत आणि पाठीत बळ आल्यावर ती येते, त्याला वर्षे लागतात, आणि ती वर्षे त्याला मिळू देणे हे मालकाचे, बाजार भरवणाऱ्यांचे आणि सरकारचेही कर्तव्य आहे. घोड्यांचा आणि घोडदळाचा इतका अभिमान मिरवणाऱ्या मराठी समाजाने तर ते आपणहून अंगावर घ्यायला हवे.

हे भावनेपोटी म्हणायचे नाही, घोड्याची ठेवणच तसे सांगते. माणसाच्या खांद्याला छातीशी जोडणारे गळ्याजवळचे हाड घोड्याला नसते. त्याचे पुढचे पाय धडाला सांध्याने जोडलेले नाहीत. स्नायू आणि स्नायुबंध यांच्या झोळीत त्याचे धड दोन पायांच्या मधे टांगलेले असते. त्यात मान आणि डोके पुढे, म्हणून स्वार नसतानाही उभ्या घोड्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर येते. खोगिराची जागाही मध्यापेक्षा पुढेच, त्यामुळे स्वार बसला की पुढचा भार आणखी वाढतो. माळावर मोकळे सुटलेले शिंगरू सुरेख पळते, वळते, उड्या मारते. पाठीवर माणूस बसला की तेच शिंगरू अडखळते. खांद्यावर पोर घेऊन भातखाचराच्या बांधावरून चालणाऱ्या माणसासारखी त्याची गत होते. ओझे जरा हलले की त्याला आधी पाय सावरावे लागतात.

आता कँटर या चालीचे पाहू. सावकाश चाल आणि दुडकी यांच्यापुढची, पण भरधाव दौडीच्या अलीकडची ही चाल. तिचे तीन ठोके असतात. डाव्या बाजूचा कँटर असेल तर आधी उजवा मागचा पाय टेकतो, मग डावा मागचा आणि उजवा पुढचा एकदम टेकतात, शेवटी डावा पुढचा. त्यानंतर क्षणभर चारही पाय हवेत. म्हणजे दर पावलाला असा एक क्षण येतो की घोडा आणि स्वार या दोघांचे वजन एकाच मागच्या पायावर असते आणि असाही एक क्षण येतो की ते एकाच पुढच्या पायावर असते. मागचा पाय पोटाखाली येऊन वजन उचलू शकला नाही, तर सगळा भार पुढे घसरतो. मग घोडा पुढे पुढे पळत सुटतो, हातावर लोंबतो, तीन ठोक्यांचे चार होतात, नाहीतर पुढून डावा आणि मागून उजवा अशी फाटकी चाल सुरू होते. दुडकीत पाय कर्णाच्या जोडीने पडत असल्याने दोष बराचसा झाकला जातो. कँटरमध्ये तो उघडा पडतो.

वाकडेपणाचेही तसेच. घोड्याचा पुठ्ठा त्याच्या छातीपेक्षा रुंद असतो. रिंगणाच्या कठड्याला लागून चालवले की तो खांदा कठड्याला भिडवतो आणि पुठ्ठा आत टाकतो. शिवाय माणसांत डावरे-उजवे असतात तसे घोड्यांतही असतात. प्रत्येकाची एक कूस आखडलेली, एक सैल. कँटरमध्ये घोडा या सवयीचा फायदा घेतो. आतला मागचा पाय वजनाखाली टाकण्याऐवजी बाजूला टाकतो, कारण बाजूला टाकलेल्या पायाला कष्ट कमी. वर्षानुवर्षे असेच चालले की त्या बाजूच्या पुढच्या पायाच्या शिरा आणि सांधे झिजतात. घोडा लंगडू लागला की मालक नाल बदलतो, मालीश करतो, मंत्र-तंत्रही करतो. चालीकडे मात्र कोणी पाहत नाही. भाल्याने जमिनीतली मेख उचलण्याचा खेळ आपल्या लष्करात आणि पोलीस दलांत अजून खेळला जातो. भरधाव घोडा हातभर जरी तिरका गेला तरी मेख हुकते. सरळ चाल हा शोभेचा गुण नव्हे, हे त्या स्वारांना वेगळे सांगावे लागत नाही.

मग ही चाल घडवायची कशी? रिंगणातली एखादी चार वर्षांची घोडी डोळ्यांपुढे आणावी. सकाळची वेळ, वाळू ओलसर करून सारखी केलेली. पाठीवर कोणी नाही. शिकवणारा मधे उभा आणि लांब दोरीच्या टोकाला घोडी, वीसेक मीटर व्यासाचे वर्तुळ. वर्तुळ याहून लहान केले की कोवळ्या सांध्यांना पीळ बसतो. आधी सावकाश चाल, मग दुडकी, मग काही पावले कँटर, पुन्हा दुडकी. जितका वेळ डाव्या हाताला, तितकाच उजव्या हाताला. शिकवणाऱ्याचे डोळे डोक्याकडे नसतात, मागच्या खुरांकडे असतात. कान ठोके मोजत असतात. तीन ऐकू आले की ठीक. चौथा ऐकू आला की घोडी दमली, तिथे थांबायचे. घोडी घसरून दुडकीत पडण्याआधीच शिकवणारा तिला शब्दाने दुडकीत आणतो. चाल मोडली आणि चाल उतरवली यांतला फरक इथेच तिच्या अंगात मुरतो.

स्वार बसल्यावरही धोरण हेच. कोपऱ्यावर, जिथे अंग आपोआप वळणाला लागते, तिथे कँटर मागायचा. आठ-दहा पावले नीट पडली की दुडकीत यायचे, श्वास घेऊ द्यायचा, पुन्हा मागायचा. लांबलचक कँटर मारत राहिल्याने घोडी मजबूत होत नाही, नुसती रेटायला शिकते. मजबूत होते ती एका चालीतून दुसरीत जाण्याने, कारण दर बदलाला मागचे पाय पोटाखाली यावे लागतात. मोकळ्या रानात रपेटीला नेऊन हलक्या चढावर काही पावले कँटर केला तर रिंगणात आठवडा घालवून होत नाही ते काम होते. चढ आपणच भार मागे ढकलतो. जमिनीवर अंतरा-अंतराने आडव्या ठेवलेल्या दांड्यांवरून दुडकीत नेले की पाय उचलण्याची आणि पाठ गोल करण्याची सवय लागते.

सरळपणासाठी पहिला उपाय अगदी साधा आहे. कठडा सोडायचा. दोन मीटर आतून, कोणत्याही आधाराशिवाय घोडी सरळ रेषेत चालवायची. तिथे तिचा खरा वाकडेपणा कळतो. पुठ्ठा आत आला की बहुतेक स्वार टाच मारून पुठ्ठा बाहेर ढकलतात, किंवा मान बाहेर ओढतात. दोन्ही चूक. पुठ्ठा जिथे आहे तिथेच राहू द्यायचा आणि खांदे किंचित आत घेऊन त्याच्यासमोर आणायचे. अठराव्या शतकात फ्रान्सचा अश्वशिक्षक द ला गेरिनिएर याने खांदे आत घेण्याचा हा व्यायाम ग्रंथबद्ध केला आणि आजही जगातल्या रिंगणांत त्याला तोड नाही. कँटरमध्ये त्याचे सौम्य रूपच पुरे, खांदे बोटभर आत. आतला मागचा पाय मग बाजूला पळू शकत नाही. त्याला वजनाखाली यावेच लागते.

काम झाल्यावर वाळूकडे पाहावे. सारख्या केलेल्या वाळूत खुरांचे ठसे स्पष्ट उमटतात. मागच्या खुरांचे ठसे पुढच्यांच्या रेषेत पडले की नाही, ते मोजायला कोणतेही यंत्र लागत नाही. पहिल्या महिन्यात रेषा फुटलेली दिसते, एका हाताला जास्त, दुसऱ्या हाताला कमी. धीराने काम चालू राहिले तर ठसे हळूहळू एका रेषेत येतात. त्याच सुमारास लगामावरचे ओझे हलके होते, कारण तोपर्यंत घोडीला आपला तोल आपणच पेलता येऊ लागतो.

स्वाराचेही अंग तपासायला हवे. एका कुल्ह्यावर बसणारा, एका रिकिबीवर जोर देणारा स्वार घोड्याला रोज वाकडे करतो आणि दोष घोड्याला देतो. खोगीर एका बाजूला कलते का, तोंडात लगामाच्या जागी दात टोचतो का, नालबंदाने दोन्ही पुढचे खूर सारख्या उंचीचे ठेवले का, हे पाहिल्याशिवाय घोड्याला हट्टी म्हणू नये. जुन्या मराठीत ‘मांड पक्की’ असणे हा स्वाराचा मोठा गुण मानला जाई. पक्की मांड म्हणजे चिकटून बसणे एवढेच नव्हे. घोड्याच्या पाठीवर दोन्हीकडे सारखे वजन ठेवून त्याच्या चालीबरोबर हलणे.

या गोष्टी नव्या नाहीत, आणि परक्याही नाहीत. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफोनने घोडा दोन्ही अंगांनी सारखा वळावा म्हणून इंग्रजी आठाच्या आकारात फिरवण्याचा सल्ला दिला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे वेगळे प्रकरण आहे. त्यात स्वारीच्या घोड्याच्या चाली आणि वर्तुळात फिरण्याचे प्रकार नावानिशी दिले आहेत. अमरकोशाने घोड्याच्या पाच गती नोंदवल्या: आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित आणि प्लुत. जर्मन पद्धतीत आज प्रशिक्षणाच्या सहा पायऱ्या मानतात. लय, मोकळेपणा, लगामाशी संवाद, उसळी, सरळपणा आणि शेवटी भार मागे घेऊन आवरलेली चाल. सरळपणा पाचव्या पायरीवर आहे, हे लक्षात घ्यावे. आपल्या जत्रांत तो पहिल्याच दिवशी लगामाने मागतात.

मराठ्यांचा आणि कुंभकोणमचा धागा इथे जुळतो. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचे घराणे तिथे नांदले. कुंभकोणम हे त्या राज्यातले विद्येचे आणि कारभाऱ्यांचे गाव. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याची दिवाणगिरी गाजवणारे सर टी. माधवराव १८२८ मध्ये इथल्याच मराठी कुटुंबात जन्मले. दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. तिथे नकुलाच्या नावावरचे सचित्र अश्वशास्त्र आहे आणि ते १९५२ मध्ये ग्रंथालयाने छापूनही काढले. १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हीबर सरफोजीराजांना भेटले. लाव्हाझिए आणि लिनियस या युरोपीय शास्त्रज्ञांची विद्या मुखोद्गत असलेला हा राजा घोड्याचा खरा पारखी आहे, असे आसपासचे इंग्रज अधिकारीही मानतात, अशी नोंद त्यांनी करून ठेवली. राज्यकारभार तोवर कंपनीकडे गेला होता. तरी घोडा ओळखणे ही तंजावरच्या दरबारात विद्या होती आणि ती ग्रंथ, चित्र आणि निरीक्षण यांनी जपली जात होती.

याच मुलखाच्या किनाऱ्यावर उलट उदाहरणही घडले होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो चोळमंडलात आला. इथले राजे अरबस्तानातून दरवर्षी हजारो घोडे प्रचंड किमतीला घेतात आणि निगा राखण्याचे ज्ञान नसल्याने त्यांतले बहुतेक वर्षभरात मरतात, असे त्याने लिहिले. नालबंद आणि सालोत्री म्हणजे घोड्यांचे वैद्य इकडे येऊ नयेत याची व्यापारीच काळजी घेत, म्हणजे नवे घोडे खपत राहत. आजचा घोडेबाजार पाहिला की हे वर्णन जुने वाटत नाही. राजस्थान आणि काठेवाडातून घोडे दक्षिणेत येतात, महाराष्ट्रात येतात, भाव लाखांत बोलले जातात. पण घोडा शिकवणारा चाबूकस्वार आणि त्याची विद्या यांवर कोणी पैसा खर्च करत नाही.

खरेदीदार पाहतो तरी काय? रंग नुकरा आहे का, पंचकल्याणी आहे का, गळ्याला देवमण आहे का, भोवरे शुभ आहेत का, आणि हलगीवर नाचतो का. मागच्या पायाच्या सांध्याचा कोन कोणी पाहत नाही, दोन्ही हातांना सावकाश चालवून दाखव असे कोणी म्हणत नाही. नाचकामाला टाळ्या मिळतात म्हणून मालक ते आधी शिकवतो. मान वर बांधून, पाठ आत दाबून केलेल्या त्या नाचात घोडा भार मागे घेत नाही. पाठीतली कळ चुकवायला पाय आपटतो. आवरलेल्या, गोल पाठीच्या कँटरशी त्याचे वरवरचे साम्य असते, आतून तो त्याच्या नेमका उलटा असतो.

वयाचा प्रश्न तर सगळ्यात गंभीर आहे. घोड्याच्या पायांची हाडे खालून वर पक्की होत जातात. मणक्यांच्या वाढीच्या चकत्या शेवटी, पाच वर्षांच्या पुढे भरतात. म्हणजे नेमकी ज्या पाठीवर आपण बसतो ती सर्वांत उशिरा तयार होते. शिंगराला कोंडून ठेवावे असा याचा अर्थ नाही. मोकळ्या कुरणातली धावपळ आणि बेताचा व्यायाम यांनी हाडे मजबूतच होतात. घातक असते ते मोठे वजन, सततचा वेग, लहान वर्तुळे आणि डांबर. शर्यतीच्या जातिवंत घोड्यांना दोन वर्षांचे असतानाच धावपट्टीवर उतरवतात, तीही एकाच दिशेने वळणारी. तिथून बाद झालेले अनेक घोडे पुढे रायडिंग स्कूलमध्ये, वरातीत नाहीतर पर्यटनस्थळी येतात. एका हाताला सरळ आणि दुसऱ्या हाताला दगडासारखे ताठ असे हे घोडे, आणि त्यांच्यावर शिकायला बसतात लहान मुले.

आंतरराष्ट्रीय नियम याबाबत स्पष्ट आहेत. ड्रेसाज म्हणजे शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत तरण्या घोड्यांची जागतिक स्पर्धाच पाचव्या वर्षापासून सुरू होते. ग्रां प्री या सर्वोच्च पातळीसाठी घोडा किमान आठ वर्षांचा लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अनुश अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हाजेला यांनी भारताला ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण मिळवून दिले. घोडेस्वारीतले सुवर्ण १९८२ नंतर, म्हणजे ४१ वर्षांनी आले. हृदय मुंबईचा, सुदीप्ती मराठ्यांच्या इंदूरची. अभिमान वाटावा असेच यश आहे. पण या मुलांना वर्षानुवर्षे युरोपात राहून शिकावे लागले, कारण घोड्याला सहा-आठ वर्षे धीराने घडवणारी व्यवस्था इथे नाही. मुले आपली, घडण बाहेरची, हे किती दिवस चालायचे?

कायदा आहे, पण अपुरा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात वयामुळे कामाला अयोग्य असलेल्या जनावराला राबवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! १९६५ च्या नियमांत दिवसाला नऊ तासांहून अधिक काम नको, सलग पाच तासांहून अधिक नको, तापमान ३७ अंशांवर असेल तिथे दुपारी बारा ते तीन जुंपू नये, असे बजावले आहे. काटेरी लगामाला तर सरळ बंदी आहे. असे असूनही काटेरी लगाम जत्रांतल्या दुकानांत टांगलेले दिसतात. आणि किती वर्षांच्या घोड्यावर बसू नये, याचा आकडा या नियमांत नाही. ओझ्याचे किलो ठरवले, कामाचे तास ठरवले, वय तेवढे राहून गेले.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. वरातीचा किंवा टांग्याचा धंदा करणारा माणूस श्रीमंत नसतो. शिंगराला चार वर्षे बसून खाऊ घालायचे म्हणजे चारा, खुराक, औषध, सगळे खिशातून. त्याला नुसता उपदेश करून काही साधणार नाही. पण ही चार वर्षे रिकामी घालवायची नसतात. पहिल्या दोन वर्षांत शिंगराला हाताने चालवणे, पाय उचलू देणे, गर्दी आणि वाजंत्रीला सरावणे; तिसऱ्या वर्षी लांब दोरीवर दोन्ही हातांना चालवणे, तिसऱ्याच्या शेवटी हलक्या स्वाराखाली सावकाश चाल; चौथ्यात दुडकी आणि थोडा कँटर. असा घोडा पुढे पंधरा-वीस वर्षे काम देतो. दुसऱ्या वर्षी नाचवलेला घोडा दहाव्या वर्षी लंगडतो आणि मालक पुन्हा कर्ज काढून नवा आणतो. हिशेब केला तर धीर स्वस्त पडतो. भीमाकाठच्या धनगरांच्या काटक भीमथडी तट्टांना अलीकडे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली. आता त्या तट्टांसाठी तरी नाचाची नव्हे, चालीची आणि निगेची स्पर्धा लावता येईल.

उत्सवात घोडा हवाच, हाही आग्रह समजू शकतो. त्यावर तंजावरकडेच उत्तर आहे. पोय्क्काल कुदिरै, म्हणजे लाकडी पायांवर उभे राहून कमरेला घोड्याचा सांगाडा बांधून केलेला नाच, हा मराठ्यांबरोबर तिकडे आला असे तिथे सांगतात. कलावंत त्यात वर्षानुवर्षे तोल कमावतो आणि मिरवणुकीत घोड्याचा सगळा थाट उभा करतो. जत्रांतून ही कला पुन्हा पुढे आणली तर कोवळी जनावरे आपोआप मागे सरतील.

आता मागण्या, आणि त्या फार मोठ्या नाहीत. सरस्वती महालातल्या अश्वशास्त्राची मराठीत टिपांसह आवृत्ती निघावी. तंजावरच्या मोडी दप्तरांत दरबारी पागेचे कागद शोधण्याचे काम महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाने तिथल्या अभ्यासकांबरोबर हाती घ्यावे. पोलीस दलांतले आणि लष्करातून निवृत्त झालेले अश्वशिक्षक आपल्याकडे आहेत. पशुसंवर्धन खात्याने त्यांना घेऊन बाजारांच्या आधी मालक आणि मोतद्दारांसाठी आठवड्याची शिबिरे भरवावीत, नालबंदांसह. १९६५ च्या नियमांत वयाचे कलम घालावे: तीन वर्षांखाली पाठीवर स्वार नको, चारखाली शर्यत आणि नाच नको.

वय लपवणे अवघड आहे, कारण घोडा ते तोंडात घेऊन फिरतो. अडीच वर्षांच्या सुमारास मधले दुधाचे दात पडून दोन पक्के येतात, साडेतीनला चार होतात, साडेचारला कडेचे बदलतात आणि पाचव्या वर्षी तोंड भरते. अदंत, दोन दाती, चार दाती हे शब्द बाजारातल्या पोरालाही ठाऊक आहेत. सारंगखेड्याला, माळेगावला आणि अंतियूरला प्रवेशद्वारावरच पशुवैद्यकाने दात पाहावेत, सौद्याच्या पावतीवर वय लिहावे आणि अदंत व दोन दाती जनावरांना फक्त हाताने धरून फिरवण्याची परवानगी द्यावी. येत्या दत्तजयंतीपासून हे सुरू करायला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. यात्रा समिती, बाजार समिती आणि जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी यांची एक बैठक पुरेशी आहे.